भरलेल्या गाडीला वाट

हिलाल मामा गेले तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मी एकटीच होते. सकाळचा चहा आणायला म्हणून खाली उतरले, वर आले तर नर्स त्यांच्या छातीवरची चादर सरळ करत होती. तिच्या करण्यातली ती घाई नसलेली पद्धत बघूनच समजले... मी भावाला फोन लावला. तो रडला, मग मोठ्या माणसाचा आवाज काढून म्हणाला, "मामीले आते काही सांगू नको. तब्येत जास्त शे म्हन. घर पोचनूत का मंग देखूत." आपल्याकडे हे असेच चालते. बाईमाणसाला आधी अर्धे सांगायचे, मग पाऊण, आणि पूर्ण सांगायची वेळ येते तोवर दारात माणसे जमलेली असतात. मी भावाला बरे म्हटले. पण अँब्युलन्सच्या पुढे गाडी घालून निघाले आणि शहाद्याच्या बाजूला वळता वळता ठरवले की मामींना सगळे सांगायचे, आणि सगळ्यांच्या आधी मीच सांगायचे. हा धडा मला मामांनीच दिला होता. म्हणजे त्यांना तो नवापुरात मिळाला, आणि मी तेव्हा शेजारी बसलेली होते.

आता पाच-सहा आठवडे होऊन गेलेत. गावात त्यांची ओळख फौजी म्हणून होती, आणि शहाद्यापासून तोरणमाळच्या पायथ्यापर्यंत काळ्या-पिवळ्या जीपचे मामा म्हणून. माझी ओळख सांगायची तर त्यांच्या बहिणीची मुलगी, आणि आमच्या दोन्ही घरांत मिळून बी. ए. झालेली पहिली व्यक्ती. हे मी मुद्दाम सांगते. माझ्या आईला अंगठ्याचीच सही येत होती आणि मी आज ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, यात लपवण्यासारखे काय आहे? आणि मी कॉलेजला गेले ती मामांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून. बाप म्हणत होता, बारावी खूप झाली. मामा म्हणाले, तिनी सीट मी राखी ठेवसू. तीन वर्षे ती सीट त्यांनी कुणाला दिली नाही, लग्नसराईतसुद्धा.

त्या जीपला मात्र सगळे हसायचे. कारण मामा समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यायचे. कापसाची गाडी आली, गाडी बाजूला. उसाची ट्रॉली आली, गाडी बाजूला. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई दिसली तरी डावी चाके मातीत उतरायची. एकदा मागे लग्नाचे वऱ्हाडी बसले होते, त्यांच्यातली एक आत्या वैतागून ओरडली, "मामा, दाबा ना जरा! तठे हळद उतरी जाई!" मामा आरशात बघून म्हणाले, "हळद उतरनी ते उतरनी, तू घाटमा उतरू नको म्हंजे जमनं." सगळी जीप हसली. दुसऱ्या जीपवाल्यांनी तर म्हणच करून टाकली होती की हिलाल मामाच्या गाडीत बसायचे असेल तर घरून आदल्या दिवशी निघावे. मामांना त्याचे काही वाटायचे नाही. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, शेताच्या बांधावर, आणि पहिला धडा ब्रेकचा नव्हता, क्लचचाही नव्हता. "रिकामी गाडीनी वाट देवानी, भरेल गाडीनी जावानं."

हा नियम तापीकाठच्या जुन्या गाडवाटांचा. मामा लहानपणापासून कापसाची बैलगाडी जिनिंगला न्यायचे. काळ्या मातीत चाकांनी खोल चाकोरी पडलेली असते. भरलेली गाडी त्या चाकोरीतून बाहेर काढली तर बैलांचे खांदे सोलून निघतात, कधी जू मोडते. म्हणून दोन गाड्या समोरासमोर आल्या की रिकाम्याने उतरायचे. मग रिकामी गाडी पाटलाची असो आणि भरलेली मजुराची. तिथे कुणी कुणाचे नाव विचारत नाही, आवाजही करत नाही. मामांना या नियमाचा फार अभिमान होता. म्हणायचे, आपल्या मुलखात माणसाला मान असो नसो, ओझ्याला मान आहे.

मला मात्र या सवयीचे मूळ गाडवाटेत आहे आणि घाव दुसरीकडे, हे समजायला वेळ लागला. नोकरी लागल्यानंतरची गोष्ट. मी मामांच्या ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. एकाहत्तरच्या लढाईचा भाग होता. मामा बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "कितलं लिखेल शे?" मी म्हटले, अर्धे पान. ते हसले. "अर्धा पानमा ते आम्हनी एक गाडी बी मावाव नही." मी म्हटले, मग तुम्ही सांगा ना. मामी आतून चहा घेऊन आल्या, चहा झाला, कपबशा गेल्या... आणि मग ते बोलायला लागले. आवाज इतका साधा, की मी वही बंद केली तेव्हा त्यांच्या लक्षातही आले नाही.

मामा फौजेत ड्रायव्हर होते. तुकडीत त्यांचा जोडीदार होता नवापूरचा युसूफ. भरती झाल्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने "हिलाल" हे नाव वाचले, जिल्हा वाचला (तेव्हा आपला जिल्हा धुळेच होता), आणि दोघे एकाच मोहल्ल्यातले असतील असे धरून शेजारशेजारच्या खाटा दिल्या. आपल्या खानदेशात हिंदूंच्याही घरोघरी हिलाल सापडतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. युसूफ म्हणायचा, नाव आमचे चोरलेस, आता चहा तरी पाज. आणि मामांच्या गाडी चालवण्यावरून त्यांना "बैलगाडी" म्हणून हाक मारायचा. "ए बैलगाडी, आज पोहोचेंगे ना?" असे रोज. त्याचे वडील पिंजारी, घर नवापूरच्या स्टेशनाजवळ, एक धाकटी बहीण जुबेदा, आणि आई, जिच्या हातच्या खिचडीचे वर्णन मामांनी इतके ऐकले होते की कधी न खाताही त्यांना तिची चव सांगता यायची.

लढाई पेटली तेव्हा दोघे पश्चिमेच्या सीमेवर होते. खारवट दलदलीचा मुलूख. त्यातून फौजेने फांद्या आणि लोखंडी पत्रे टाकून एकेरी रस्ता केला होता. रस्ता सोडला की चाक गेलेच. पलीकडे एक चौकी होती, तिच्यावर सारखा मारा चालू होता, आणि तिथला दारूगोळा संपत आला होता. मामा त्या दिवशी माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाले. मागच्या गाडीत जखमी होते. त्यांच्यात युसूफ होता. मांडीत लोखंडाचा तुकडा शिरलेला. मामांनीच त्याला उचलून गाडीत ठेवले होते, वरून आपला कोट टाकला होता. दिवस मावळायला आला होता. निम्म्या वाटेवर समोरून दारूगोळ्याच्या गाड्या आल्या, गच्च भरलेल्या, एकामागे एक.

कुणीतरी उतरायला हवे होते. अशा वेळी कुणी उतरायचे याचा हुकूम कुणी दिलेला नव्हता, विचारायला साहेबही जवळ नव्हता. पुढे मामा होते. त्यांनी विचार केला असे ते कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणाले, हात वळले. लहानपणापासून जे हात चाकोरी सोडत आले ते वळले आणि गाडी डावीकडे उतरली. पुढच्याने उतरले की मागच्याने उतरायचे, ही फौजेची शिस्त. जखमींची गाडीही उतरली. दारूगोळा निघून गेला. आणि या दोन्ही गाड्या चिखलात बसल्या, अॅक्सलपर्यंत...

"हातले कळनं नही, माय," मामा मला म्हणाले. "मन्हा मांगे बी भरेलच गाडी व्हती."

गाड्या निघाल्या तोवर फार वेळ गेला होता. मामा मागच्या गाडीत युसूफचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. तो तिथेच गेला. त्याची मातीही तिकडेच झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, तू वाट दिली नसतीस तर सकाळी ही चौकी आपली नसती. मामांनी सलाम ठोकला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या शिपायाला मात्र त्यांनी विचारले, वेळेवर पोचला असता तर? तो म्हणाला, वाचलाही असता, नसताही. हा माणूस पुढची सगळी वर्षे त्यातले पहिले अर्धेच वाक्य घेऊन जगला.

मी इतिहास शिकवते म्हणून या गोष्टीकडे मला दोन्ही बाजूंनी बघावे लागते. पुस्तकात लिहिलेले असते की अमुक चौकी राखली. कोणी राखली? लढणाऱ्यांनी राखली, हे खरेच. पण त्या संध्याकाळी शहादा तालुक्यातल्या एका कापूसवाल्याच्या मुलाने स्टिअरिंग डावीकडे फिरवले नसते तर तोफांच्या तोंडात घालायला काही उरले नसते, चौकी गेली असती, आणि पुढे दोन देशांनी नकाशावर बसून रेघा ओढल्या तेव्हा ती रेघ कुठून गेली असती कोण जाणे. एकदा टीव्हीवर सीमेजवळच्या गावांची बातमी चालली होती. शाळेत जाणारी पोरे दाखवत होते. मामा उठून पडद्याजवळ गेले. म्हणाले, ह्या पोरे आपला शेतस. बस एवढेच. त्या लढाईबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान मी पाहिला तो त्याच एका वेळी. बाकी ज्या वळणाने ती पोरे आपली राहिली, त्याच वळणाने एक घर रिकामे झाले होते. मोठी लढाई अशा लहान हालचालींवर फिरते असे मी वर्गात सांगते, मुले माना हलवतात. ज्याच्या हाताने ती हालचाल झाली तो माणूस त्यानंतर झोपतो कसा, हे मला कुणी विचारलेले नाही.

आणि नवापूर... नवापूर मामांनी टाकले. सुरतेला लग्नाला जायचे तर निझरच्या रस्त्याने. गाडीतले कुणी म्हणाले की हायवेने जाऊ, तिकडे चहा चांगला मिळतो, तर मामा म्हणायचे, चहा मी घरून आनेल शे. मामींना वाटायचे काहीतरी जुने भांडण असेल. मला कारण सांगितल्यावर मी म्हटले, मामा, जाऊन या ना एकदा, मी येते. ते म्हणाले, काय सांगू? तुमचा पोरगा मी अडकवला म्हणून सांगू? पुढे युसूफच्या वडिलांच्या निधनाची बातमी कुणाकडून तरी आली, मग आईच्या. प्रत्येक वेळी मामा दोन दिवस जीप काढायचे नाहीत. आणि प्रत्येक वेळी जाणे आणखी अवघड व्हायचे, कारण आता आधीच्या न जाण्याचाही हिशेब द्यावा लागणार होता.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितले, हृदय थकले आहे. त्या दिवशी परत येताना गाडीत मामा म्हणाले, "माले नवापूर ली चाल." मी विचारले नाही कशाला. रविवारी निघालो. नंदुरबार, विसरवाडी, मग हायवे. मामा पुढच्या सीटवर, माझ्या जुन्या जागी, हात मांडीवर ठेवून. नवापूर जवळ आले तशा कोंबड्यांच्या लांबच लांब शेड दिसायला लागल्या. मामा म्हणाले, युसूफ तर सांगायचा की इथून घरापर्यंत नुसती झाडे. स्टेशनाजवळ पिंजाऱ्यांचे घर विचारले, तर पानवाल्याने पान लावता लावताच हनुवटीने दाखवले.

आता तिथे गाद्यांचे दुकान आहे, जुबेदाआपांचा मुलगा चालवतो. आतल्या खोलीत कापसाचा वास भरलेला. आपा साठीच्या पुढच्या, चष्मा नाकावर, बसल्या बसल्या उशीला टाके घालत होत्या. मामांनी नाव सांगितले. आपांची सुई थांबली. "बैलगाडी?" त्या म्हणाल्या. "आप बैलगाडी?" युसूफ सुट्टीवर आला की घरात हेच नाव असायचे म्हणे. मामांना खुर्ची सापडेना. ते कापसाच्या गाठोड्यावरच बसले.

मग त्यांनी सांगितले. फौजेतल्या हिंदीत, उभ्याने रिपोर्ट द्यावा तसे, पण बसून. रस्ता, समोरच्या गाड्या, आपण गाडी कशी उतरवली, मागची गाडी कशी उतरली. काही सोडले नाही, स्वतःच्या बाजूचे काही घातलेही नाही. साहेबांच्या शाबासकीचे तर नावच घेतले नाही. मी मध्ये बोलणार होते, पण मामांनी माझ्याकडे असे बघितले की गप्प बसले. सांगून झाल्यावर मान खाली घालून राहिले. मला वाटले आता आपा रडतील, नाहीतर उठायला सांगतील.

आपांनी विचारले, "तकलीफ में था क्या?"

"नहीं," मामा म्हणाले. "हँस रहा था. बोला, क्या रे हिलाल, तेरी बैलगाडी फस गई क्या?"

आपांनी ओढणीचा बोळा तोंडाला लावला. त्या हसत होत्या. खरोखर हसत होत्या, खांदे हलत होते, आणि चष्म्याखालून पाणी चालले होते. "ऐसाच था वो," त्या म्हणाल्या. "मरते मरते भी टाँग खींची." मग जरा वेळाने चष्मा पुसत, अजिबात आवाज न चढवता बोलल्या, "अम्मी को बस यही सुनना था, भाई. सरकार का निरोप आया, लढाई में काम आया. बस. अम्मी दरवाजे पे बैठती थी. बोलती थी, कोई तो होगा ना उसके पास, वो आएगा. मेरा बच्चा आखिर में क्या बोला, वो बताएगा. गाडी किसने हटाई, ये अम्मी कभी ना पूछती." टाके घालायची उशी त्यांनी पुन्हा मांडीवर ओढली. "आप इतने पास थे. शहादा से नवापूर..."

आपांच्या नातवाने चहा आणला, सोबत नानखटाई. आपांनी मामांच्या हातात बशी दिली, खाऊन जायचे म्हणून दम भरला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मामांना सोपे गेले असते. ते घरून निघाले होते एका वळणाचा जाब द्यायला, आणि त्या घरात त्याबद्दल कुणी काही विचारलेच नाही. जे विचारले ते भलतेच होते. एक आई दारात बसून होती, तिचे उत्तर मामांच्या जिभेवर होते, आणि ते देण्यासाठी कुठलीही चौकी पडणार नव्हती, कुठलीही गाडी चिखलात जाणार नव्हती. नुसते एस.टी.त बसायचे होते.

परतीच्या वाटेवर विसरवाडी मागे पडल्यावर मामा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "इतलं जवळ व्हतं वं, माय." पुन्हा नंदुरबारच्या अलीकडे तेच म्हणाले.

तर त्या दिवशी दवाखान्यातून निघाले ती मी थेट मामींच्या खोलीत गेले. भाऊ ओट्यावर उभा होता, मला डोळ्यांनी खुणावत होता. मी दार लोटून घेतले. गुडघ्यांमुळे मामींना दवाखान्यात येता आले नव्हते, त्या बाजेवर पाय सोडून बसल्या होत्या. मी शेजारी बसले, हात धरला आणि म्हटले, मामी, मामा गेले. आता शेवटचे सगळे ऐका. मग कालपासूनचे सांगितले. भगर अर्धी वाटी खाल्ली, मीठ कमी म्हणून कुरकुरले. जीपची बॅटरी उतरेल, कुणाला तरी चालू करायला सांग म्हणाले. संध्याकाळी त्यांना स्ट्रेचरवरून तपासणीला नेत होते, तर बोळातून समोरून दुसरा स्ट्रेचर आला. पावरा आदिवासी बाई होती, डोंगरातून आणलेली, बाळंतपणाची, कळा चालू होत्या. बोळ अरुंद. वॉर्डबॉय मामांचा स्ट्रेचर पुढे दामटायला लागला, तसा मामांनी हात वर केला. म्हणाले, "पहिले तिले जाऊ दे रे भाऊ. मी रिकामी गाडी शे. ती भरेल शे." वॉर्डबॉय हसला, ती बाईसुद्धा कळांमध्ये हसल्यासारखी झाली. मामा भिंतीकडेला थांबले, ती दिसेनाशी होईपर्यंत. त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत. झोपले ते झोपलेच.

मामी ऐकत होत्या. कपाळाला हात लावला. मग तोंडातून हुंदका यायचा तर हसूच आले आधी. "जाता जाता बी वाटच दिधी ह्या माणूसनी!" म्हणाल्या, आणि मग रडल्या. बाहेर बायका जमल्या होत्या, त्यांना वाटले आत्ताच समजले असेल. मी दार उघडले.

जुबेदाआपा दहाव्याला आल्या, मुलाच्या गाडीतून. मामींजवळ बसल्या आणि पहिले हेच विचारले, शेवटी काय बोलले. मामींनी सांगितले, अगदी त्या बाईच्या हसण्यासकट, जशा काही त्या बोळात स्वतः उभ्या होत्या.

जीप अजून गल्लीत उभी आहे. विकायची की नाही ते मामी ठरवतील. मी जाते तेव्हा चालू करते, पाच-दहा मिनिटे इंजिन ऐकते, बंद करते. मामांनी शेवटची उभी केली तशीच ती आहे. डावी दोन चाके गटाराकडेच्या मातीत, उजवी दोन रस्त्यावर, आणि शेजारून उसाची भरलेली ट्रॉली जाईल एवढी जागा मोकळी.